न दिसलेल्या प्राण्यांची मोजदाद

बुद्धपौर्णिमेच्या रात्री महाराष्ट्रातल्या अनेक जंगलांत पाणवठ्यांजवळच्या मचाणांवर माणसे बसतात आणि उजाडेपर्यंत पाण्यावर आलेल्या प्रत्येक जनावराची नोंद करतात. सकाळी सगळ्या मचाणांचे कागद एकत्र होतात, बेरीज होते आणि एक-दोन दिवसांत ती वर्तमानपत्रात येते. इतकी सांबरे, इतकी अस्वले, इतके बिबटे. या एका रात्रीने कितीतरी शहरी माणसांना जंगलाची ओढ लावली आहे आणि तिचे ते मोल मोठे आहे. मात्र त्या बेरजेवरून जंगलात किती प्राणी आहेत हे कळत नाही. ते का कळत नाही हे नीट समजले की प्राण्यांची संख्या ठरवण्याचे सगळे शास्त्र त्यातूनच उलगडत जाते.

समजा, गेल्या वर्षी साठ सांबरे दिसली आणि यंदा चाळीस. सांबरे घटली असतील. किंवा आदल्या आठवड्यात वळवाचा पाऊस होऊन नाल्यांत डबकी साचली असतील आणि सांबरांना पाणवठ्यावर येण्याची गरजच पडली नसेल. किंवा ढगांमुळे चांदणे पडले नसेल. या तिन्ही गोष्टींचा परिणाम एकाच आकड्यात मिसळून समोर येतो. गणिताच्या भाषेत मांडायचे तर

दिसलेली संख्या = प्रत्यक्ष संख्या × दिसण्याची संभाव्यता

समीकरण एक आणि अज्ञाते दोन. दिसण्याची संभाव्यता ठाऊक असल्याशिवाय प्रत्यक्ष संख्या काढता येत नाही, आणि ती दरवर्षी सारखीच राहते असे गृहीत धरायला कोणताही आधार नाही. म्हणून प्राणी मोजणाऱ्याचे खरे काम प्राणी मोजणे हे नाहीच. आपल्या नजरेतून किती प्राणी निसटतात ते मोजणे हे त्याचे काम आहे. पकडलेला, खूण केलेला आणि पुन्हा सापडलेला प्राणी नेमके तेच सांगतो.

दोन पकडी

एका शेतात उंदरांसाठी जिवंत पकडणारे सापळे लावले. पहिल्या रात्री २० उंदीर सापडले. त्यांच्यावर खूण करून त्यांना तिथेच सोडून दिले. काही दिवसांनी पुन्हा सापळे लावले तेव्हा २५ उंदीर सापडले आणि त्यांतल्या ५ जणांवर आपली खूण होती. या फेरपकडीतून काय कळले? शेतात खूण असलेले २० उंदीर आहेत हे आपल्याला आधीच ठाऊक होते. त्यांतले ५ सापडले, म्हणजे दुसऱ्या रात्रीच्या सापळ्यांनी त्यांच्यातला एक-चतुर्थांश भाग पकडला. बाकीच्या उंदरांचाही तितकाच भाग पकडला गेला असेल, तर २५ हा एकूण संख्येचा एक-चतुर्थांश होतो आणि एकूण उंदीर १०० ठरतात. पहिल्या पकडीचा आकार दुसऱ्या पकडीच्या आकाराने गुणायचा आणि खुणेसह सापडलेल्यांच्या संख्येने भागायचे, एवढेच हे सूत्र आहे. खूण केलेले २० उंदीर इथे सापळ्यांची पकड किती जबर आहे हे मोजण्याची मोजपट्टी म्हणून उपयोगी पडतात.

हा विचार प्राण्यांच्याही आधी माणसांवर वापरला गेला. फ्रान्सची लोकसंख्या किती, याचे उत्तर १८०२च्या सुमारास लाप्लासने जन्मनोंदींच्या आधाराने काढले. देशभरातले वार्षिक जन्म साधारण माहीत होते. तीस प्रांतांतल्या निवडक वस्त्यांची माणसे मोजून घेतली तर ती २०,३७,६१५ भरली आणि तिथल्या जन्मनोंदींवरून दर जन्मामागे सुमारे २८.३५ माणसे असे प्रमाण निघाले. जन्मनोंद ही ‘खूण’, आणि मोजलेल्या वस्त्या ही ‘दुसरी पकड’. आपला अंदाज किती चुकू शकतो याचाही हिशेब लाप्लासने मांडला होता, आणि माझ्या मते त्याचे खरे मोठेपण तिथे आहे. पुढे १८९६ साली डेन्मार्कच्या पेटरसनने प्लेस या चपट्या माशांना बिल्ले लावून पकडीचे प्रमाण अभ्यासले. १९३० साली अमेरिकेत फ्रेडरिक लिंकनने पायात कडी घातलेल्या बदकांपैकी किती शिकाऱ्यांकडून परत येतात यावरून उत्तर अमेरिकेतल्या बदकांचा अंदाज बांधला. त्यामुळे या सूत्राला लिंकन-पेटरसन असे जोडनाव मिळाले.

दुसऱ्या पकडीत खुणेचा एकही प्राणी सापडला नाही तर शून्याने भागावे लागते आणि उत्तर अनंत येते. छोट्या नमुन्यांत हे सूत्र एरवीही सरासरीने जास्तच उत्तर देते. डग्लस चॅपमनने १९५१ साली त्यात साधी दुरुस्ती सुचवली. दोन्ही पकडींत आणि फेरपकडीत एकेक मिळवायचा, भागाकार करायचा आणि शेवटी एक वजा करायचा. आपल्या उंदरांसाठी २१ गुणिले २६ भागिले ६, वजा १, म्हणजे ९०. त्याची प्रमाण त्रुटी सुमारे २५ येते. म्हणजे ९५ टक्के खात्रीने बोलायचे तर उंदीर ४० ते १४० यांच्या दरम्यान आहेत. दोन्ही रात्री मिळून आपण वेगवेगळे ४० उंदीर तर प्रत्यक्ष हाताळलेच होते. एवढ्या खटाटोपानंतर संख्याशास्त्राने खालच्या टोकाला आपल्याला ठाऊक असलेलाच आकडा परत दिला!

हा सूत्राचा दोष नव्हे. अंदाजाच्या नेमकेपणाची सारी मदार फेरपकडींच्या संख्येवर असते आणि इथे त्या पाचच होत्या. तळ्यातल्या १२० माशांवर खूण केली, दुसऱ्यांदा १५० पकडले आणि त्यांत ३० खुणेचे निघाले, तर अंदाज ५८८ येतो आणि प्रमाण त्रुटी सुमारे ८०. सापेक्ष अनिश्चितता निम्म्याहून कमी होते. क्षेत्रकार्याची आखणी करताना ‘किती प्राणी सापडतील’ यापेक्षा ‘किती पुन्हा सापडतील’ हा प्रश्न आधी विचारायला हवा.

गृहीतके कुठे तुटतात

सूत्राखाली चार गृहीतके आहेत. दोन पकडींच्या मधल्या काळात संख्या स्थिर आहे, खूण पुसली जात नाही, ती नोंदवताना चूक होत नाही आणि प्रत्येक प्राण्याला सापडण्याची सारखीच संधी आहे. पहिले तीन निदान डोळ्यांना दिसतात. खूण गळून पडली तर फेरपकडी कमी भासतात आणि संख्या फुगते. मधल्या काळात फक्त मृत्यू झाले आणि ते खुणेच्या व बिनखुणेच्या प्राण्यांत सारख्याच प्रमाणात झाले, तर अंदाज पहिल्या पकडीच्या वेळचा धरावा. फक्त नवे प्राणी आले असतील तर दुसऱ्या वेळचा. दोन्ही घडले असेल तर उत्तर दोन्ही वेळच्या संख्येपेक्षा मोठे येते. पकडीच्या अनुभवाने सापडण्याची संधीही बदलते. सापळ्यातल्या खाण्याला चटावलेला उंदीर पुन्हा पुन्हा येतो, फेरपकडी वाढतात आणि संख्या कमी दिसते. सापळ्याची धास्ती घेतलेला परत फिरकत नाही आणि संख्या वाढून दिसते.

चौथे गृहीतक मात्र वेगळ्या जातीचे आहे. ते जवळजवळ नेहमीच खोटे असते आणि ते खोटे असल्याचे सहज कळतही नाही. समजा, एकूण १०० प्राणी आहेत. त्यांतले ५० धीट आहेत, त्यांना प्रत्येक पकडीत सापडण्याची संभाव्यता ०.६ आहे. उरलेले ५० बुजरे आहेत, त्यांची ०.१ आहे. पहिल्या पकडीत सरासरीने ३० धीट आणि ५ बुजरे मिळून ३५ सापडतील. दुसऱ्यातही तितकेच. दोन्हींत सापडणारे धीट १८ आणि बुजरा जेमतेम अर्धा, म्हणजे १८.५. आता ३५ गुणिले ३५ भागिले १८.५ करा. उत्तर ६६ येते. एक-तृतीयांश प्राणी हिशेबातून नाहीसे झाले. सापळे दुरुस्त होते, नोंदी चोख होत्या, आकडेमोडही बिनचूक होती. तरीही असे झाले, कारण पहिल्या पकडीत खूण लागलेल्यांत धीटच जास्त होते आणि त्यांच्या पकडले जाण्याच्या प्रमाणावरून आपण बुजऱ्यांचे प्रमाण ठरवले. मोजपट्टी ज्यांच्यापासून तयार केली ते नमुनेदार नव्हते.

याच अडचणीवर एक सुंदर उपाय भारतात घडला. १९४९ साली सी. चंद्रशेखरन आणि एडवर्ड्‌स डेमिंग यांनी कोलकात्याजवळच्या सिंगूर भागातल्या जन्म-मृत्यूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. निबंधकाकडची यादी ही पहिली पकड आणि घरोघर जाऊन केलेली चौकशी ही दुसरी. दोन्ही याद्यांत सापडलेले जन्म म्हणजे फेरपकड, आणि त्यावरून एकाही यादीत नसलेल्या जन्मांचा अंदाज. पण जे घर एका यादीतून सुटते ते बहुधा दुसरीतूनही सुटते, हे त्यांनी ओळखले. जन्मून दोन दिवसांत दगावलेले मूल निबंधकापर्यंत पोहोचत नाही आणि महिन्यांनी दारात आलेल्या पाहणीदाराला त्याच्याविषयी कुणी सांगत नाही. म्हणून त्यांनी नोंदी लहान, एकजिनसी गटांत विभागल्या, प्रत्येक गटाचा वेगळा अंदाज काढला आणि मग बेरीज केली. गटाच्या आत संधी बऱ्यापैकी सारखी असली की चूक आपोआप आटोक्यात येते. चंद्रशेखरन पुढे मुंबईतल्या, आज आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संस्थेचे संचालक झाले. नर आणि मादी वाघांचे विश्लेषण आज वेगवेगळे करतात, त्यामागेही गट पाडण्याचा हाच विचार आहे.

अनेक रात्रींचा इतिहास

दोनाऐवजी अनेक पकडी केल्या तर प्रत्येक प्राण्याचा एक इतिहास तयार होतो. पाच रात्रींत पहिल्या, तिसऱ्या आणि चौथ्या रात्री सापडलेल्या प्राण्याचा इतिहास १०११० असा लिहितात. पाच शून्ये असलेला इतिहास आपल्या वहीत कधीच नसतो, आणि नेमके तसे इतिहास किती आहेत हेच आपल्याला शोधायचे असते. एका रात्री सापडण्याची संभाव्यता ०.२ असेल तर पाच रात्रींत एकदाही न सापडण्याची संभाव्यता ०.८ पाचदा गुणून ०.३३ येते. म्हणजे वहीत ४० प्राणी असतील तर प्रत्यक्षात ६०च्या आसपास आहेत. दहा रात्री काम केले तर निसटणारे ११ टक्क्यांवर येतात आणि वीस रात्रींत एक टक्क्याच्या जवळ.

अनेक पकडींचे पहिले व्यवस्थित सूत्र झोई श्नाबेल यांनी १९३८ साली तळ्यातल्या माशांसाठी दिले. १९७८ साली ओटिस, बर्नहॅम, व्हाइट आणि अँडरसन यांनी सापडण्याची संभाव्यता बदलण्याच्या तीन कारणांची, म्हणजे दिवस, पकडीचा अनुभव आणि प्राण्याचा स्वभाव यांची, सगळी मिश्रणे घेऊन प्रतिमानांचे एक कुटुंबच उभे केले. तैवानच्या अ‍ॅन चाओ यांनी १९८०च्या दशकात दाखवलेली वाट मला विशेष भावते. एकदाच दिसलेल्यांच्या संख्येचा वर्ग करायचा आणि दोनदा दिसलेल्यांच्या दुपटीने भागायचे. ४० प्राण्यांपैकी १२ एकदाच आणि ८ दोनदा दिसले असतील तर १४४ भागिले १६, म्हणजे निदान ९ प्राणी अजून दिसलेले नाहीत. हे उत्तर म्हणजे किमान मर्यादा आहे आणि ते तसेच मांडले जाते. एकदाच दिसलेले प्राणी पुष्कळ असतील तर एकदाही न दिसलेलेही पुष्कळ असणार, हा त्यामागचा सरळ तर्क.

किमान मर्यादेवर थांबणे शहाणपणाचे का, हे विल्यम लिंक यांनी २००३ साली सिद्ध केले. प्राण्यांच्या स्वभावातल्या फरकाचे वर्णन करणारी दोन वेगवेगळी प्रतिमाने एकाच नोंदींशी तंतोतंत जुळू शकतात आणि तरीही एकूण संख्येची अगदी भिन्न उत्तरे देऊ शकतात. नोंदी कितीही वाढवल्या तरी त्यांतले खरे कोणते ते नोंदी सांगू शकत नाहीत. संगणक एक आकडा देतोच, पण त्या आकड्याचा काही भाग निरीक्षणातून आलेला असतो आणि काही भाग आपण निवडलेल्या प्रतिमानातून. या क्षेत्रात काम करणाऱ्या प्रत्येकाने हा निष्कर्ष मनावर कोरून ठेवावा असे मला वाटते.

पट्ट्यांची खूण

वाघाला पकडून खूण करण्याची गरज नाही, कारण ती त्याच्या अंगावरच आहे. कोणत्याही दोन वाघांचे पट्टे सारखे नसतात आणि जन्मभर ते बदलत नाहीत. या गोष्टीचा फेरपकडीच्या गणिताशी सांधा जोडला तो के. उल्हास कारंत यांनी. कर्नाटकातल्या नागरहोळेत त्यांनी वाटांच्या दोन्ही बाजूंना स्वयंचलित कॅमेरे लावले, आणि १९९५ साली या पद्धतीने काढलेला वाघांचा अंदाज प्रसिद्ध केला. कॅमेरे जोडीने लावावे लागतात, कारण वाघाच्या डाव्या आणि उजव्या कुशीवरचे पट्टे वेगळे असतात. एकाच बाजूचा फोटो मिळाला तर एका वाघाचे दोन होण्याचा धोका असतो. १९९८ साली कारंत आणि जेम्स निकोल्स यांनी चार जंगलांतली घनता दिली. दर १०० चौरस किलोमीटरमागे पेंचमध्ये ४.१, नागरहोळेत ११.५, कान्हात ११.७ आणि काझीरंग्यात १६.८ वाघ.

त्याआधी आपल्याकडे पाऊलखुणांची पद्धत होती. ओडिशाचे वनाधिकारी सरोज राज चौधरी यांनी १९६०च्या दशकात ती घडवली. काचेवर ठसा गिरवायचा, प्लॅस्टरचा साचा घ्यायचा आणि ठशावरून वाघ ओळखायचा. १९७२च्या देशव्यापी गणनेत १,८२७ वाघ निघाले ते याच पद्धतीने. चौधरींनी आणि त्यांच्या वनरक्षकांनी पायी तुडवलेल्या जंगलाबद्दल आदर ठेवूनही म्हणावे लागते की या पद्धतीत निसटलेल्या वाघांना जागाच नव्हती. प्रत्येक वाघाचा ठसा सापडतो आणि प्रत्येक ठसा अचूक ओळखता येतो, या दोन गोष्टी तिने गृहीत धरल्या. चिखलात उमटलेला आणि धुळीत उमटलेला एकाच पायाचा ठसा वेगळा दिसतो. राजस्थानातल्या सरिस्कात कागदावर दीड डझनाच्या आसपास वाघ नोंदलेले असताना २००५ साली तिथे एकही उरला नसल्याचे उघड झाले, तेव्हा या पद्धतीचा शेवट जवळ आला.

फोटोतही ओळख चुकू शकते. प्राणिसंग्रहालयातल्या ओळखीच्या हिमबिबट्यांचे फोटो निरीक्षकांना दाखवून २०२० साली एक चाचणी प्रसिद्ध झाली. सुमारे १२.५ टक्के वेळा वर्गीकरण चुकले आणि त्यामुळे संख्येचा अंदाज साधारण एक-तृतीयांशाने फुगला. एका प्राण्याचे दोन मानण्याची चूक दोन प्राण्यांना एक मानण्यापेक्षा अधिक वेळा होते, आणि असा चुकून जन्मलेला प्राणी बहुधा एकदाच ‘दिसलेला’ असतो. वर सांगितलेल्या तर्कानुसार एकदाच दिसलेले वाढले की न दिसलेलेही वाढतात. एक चूक अशी दोनदा वसूल होते. वाघाचे ठळक पट्टे जुळवणे हिमबिबट्याच्या पुसट ठिपक्यांपेक्षा सोपे आहे, तरी प्रत्येक जुळणी दोघांनी स्वतंत्रपणे तपासायला हवी.

किती जागेतले प्राणी?

कॅमेऱ्यांचा चौकोन १० किलोमीटर लांब आणि तितकाच रुंद आहे आणि अंदाज २० वाघांचा आला. मग घनता किती? चौकोन १०० चौरस किलोमीटरचा, म्हणून २० हे उत्तर उतावीळपणाचे होईल, कारण कडेच्या कॅमेऱ्यांसमोर येणाऱ्या वाघांचे निम्मे क्षेत्र चौकोनाबाहेर असते. बाहेर दोन किलोमीटरचा पट्टा धरला तर घनता १०च्या आसपास येते, तीन किलोमीटरचा धरला तर ८च्या. फोटो तेच, वाघ तेच, आणि घनता मात्र आपण ठरवलेल्या पट्ट्यावर अवलंबून. पूर्वी वाघांनी दोन कॅमेऱ्यांमध्ये कापलेल्या कमाल अंतरांची सरासरी काढून तिच्या निम्म्याएवढा पट्टा धरत. हा व्यवहारी तोडगा होता, पण त्यामागे सिद्धांत नव्हता.

तो सिद्धांत मरे एफर्ड यांनी २००४ साली दिला. त्यांनी प्रत्येक प्राण्याचे एक वावरकेंद्र कल्पिले. कॅमेरा त्या केंद्रापासून जितका दूर, तितकी फोटो निघण्याची संभाव्यता कमी. हा उतार घंटेच्या आकाराच्या वक्राने दाखवला तर दोनच संख्या शोधाव्या लागतात, केंद्रावरची संभाव्यता आणि वावराचा पल्ला. एका पल्ल्याच्या अंतरावर संभाव्यता मूळच्या ६१ टक्के उरते आणि दोन पल्ल्यांवर साधारण १४ टक्के. एकच वाघ कोणकोणत्या कॅमेऱ्यांत आला यावरून पल्ला कळतो. केंद्रे चौकोनात असोत वा बाहेर, सगळी एकाच हिशेबात येतात, पट्टा ठरवावा लागत नाही आणि घनता थेट मिळते. शिवाय कडेला राहणाऱ्या प्राण्याला कमी संधी मिळते ही स्वभावातली वाटणारी तफावत आता अंतराने समजावता येते. धीट-बुजऱ्यांच्या कोड्याचा बराच भाग इथे सुटतो, आणि म्हणूनच गेल्या पन्नास वर्षांतली या शास्त्रातली सर्वांत मोठी झेप मी हीच मानतो. २००९ साली अँड्र्यू रॉयल, कारंत, अर्जुन गोपालस्वामी आणि सहकाऱ्यांनी नागरहोळेच्या वाघांवरच या विचाराचे बेझीय रूप मांडले.

महाराष्ट्रात या साधनाने एक रूढ समजूत मोडली. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात अभयारण्य नसलेल्या, उसाच्या, दर चौरस किलोमीटरला ३००हून अधिक माणसे राहणाऱ्या मुलखात विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी कॅमेरे लावले. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात दर १०० चौरस किलोमीटरमागे ४.८ प्रौढ बिबटे आणि साधारण ५ तरस निघाले. बिबट्या जंगलातून चुकून गावात येतो असे म्हणत राहणे त्यानंतर कठीण झाले. तो तिथलाच रहिवासी होता, आणि एकाच बिबट्याचे पुन्हा पुन्हा निघालेले फोटो याचा पुरावा होते.

बदलती संख्या

दीड-दोन महिन्यांत वाघांची संख्या स्थिर मानता येते, दहा वर्षांत नाही. अशा बदलत्या, म्हणजे ‘खुल्या’ संख्येसाठी १९६५ साली जॉली आणि सेबर यांनी स्वतंत्रपणे जवळपास एकच सिद्धांत दिला. त्यात जगण्याचे प्रमाण आणि नव्यांची भर दोन्ही निघतात. मात्र मेलेला आणि कायमचा निघून गेलेला यांत भेद करता येत नाही. केनेथ पोलॉक यांनी १९८२ साली स्थिर आणि खुली अशा दोन्ही प्रतिमानांचा मेळ घातला. दरवर्षी काही आठवडे सलग काम करून त्या काळापुरती संख्या बंद, म्हणजे स्थिर, मानायची आणि वर्षावर्षांच्या दरम्यान ती खुली मानायची.

कारंत आणि सहकाऱ्यांनी ही आखणी नागरहोळेत नऊ वर्षे चालवली. २००६ साली आलेल्या निष्कर्षांत ७४ वेगवेगळे वाघ होते आणि वार्षिक जगण्याचे प्रमाण ०.७७ होते. म्हणजे दरवर्षी जवळपास एक-चतुर्थांश वाघ मरतात किंवा निघून जातात आणि तरीही त्या काळात संख्या टिकून, किंचित वाढलेली होती. एखाद्या वर्षी चार वाघ मेल्याच्या बातमीने संख्या कोसळली असा निष्कर्ष काढण्याआधी हा आकडा समोर ठेवला पाहिजे. उलट बाजूही तितकीच खरी आहे. इतकी उलथापालथ भरून निघते ती पिल्ले तगली तरच, आणि ती तगतात सांबर-चितळ भरपूर असतील तरच.

देशाचा आकडा

२००२ सालच्या ठशांच्या गणनेत ३,६४२ वाघ होते. २००६ साली कॅमेऱ्यांवर आधारलेल्या नव्या पद्धतीने १,४११ निघाले. यांची वजाबाकी करून चार वर्षांत बावीसशे वाघ गेले असे म्हणणे चूक आहे, कारण हे आकडे दोन वेगळ्या मापांनी आलेले आहेत. त्यानंतर १,७०६, २,२२६, २०१८ साली २,९६७ आणि २०२२ साली ३,६८२ असे अंदाज आले. महाराष्ट्रात २००६ साली १०३ होते, २०२२ साली ४४४. २०१८ साली देशात २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लावले गेले आणि त्यांत २,४६१ वेगवेगळे वाघ प्रत्यक्ष फोटोत आले. ओळख बरोबर असेल तर या शेवटच्या आकड्याला कोणत्याही प्रतिमानाची गरज नाही. उरलेले सुमारे पाचशे वाघ अंदाजातले आहेत आणि एकूण अंदाजाची व्याप्ती २,६०३ ते ३,३४६ अशी होती. वर्तमानपत्रांत छापला गेला तो मधला एकच आकडा.

जिथे कॅमेरे पोहोचत नाहीत तिथे वनरक्षकांनी नोंदवलेले ठसे, विष्ठा, भक्ष्याची संख्या यांच्याशी कॅमेऱ्यांतली घनता जोडून अंदाज बांधतात. २०१५ साली गोपालस्वामी, मोहन देलमपाडी, कारंत आणि सहकाऱ्यांनी या जोडणीवरच आक्षेप घेतला. ठसे सापडण्याची संभाव्यता जागेजागी बदलत असेल तर ठसे आणि घनता यांचे नाते इतके भक्कम निघूच शकत नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. पद्धत चालवणाऱ्या शास्त्रज्ञांनी त्याला उत्तर दिले आणि वाद दीर्घकाळ चालला. मला आक्षेपाचा गाभा पटतो, कारण ठशांच्या नोंदीत पुन्हा एकदा दोन अज्ञाते एका आकड्यात मिसळतात. मात्र २०१८ साली ८३ टक्के वाघ फोटोत आले असल्यामुळे राष्ट्रीय बेरजेवर या जोडणीचा भार पूर्वीपेक्षा बराच कमी आहे. कॅमेऱ्याखालच्या क्षेत्राचा आणि बाहेरच्या क्षेत्राचा अंदाज वेगवेगळा, आपापल्या व्याप्तीसह ठळकपणे सांगितला जावा आणि प्रत्येक वाघाचे पकडींचे इतिहास अभ्यासकांना खुले असावेत, म्हणजे हा वाद नोंदींवर मिटवता येईल.

तोच प्राणी पुन्हा न सापडता

समुद्रातल्या माशाचा फोटो काढून त्याला ओळखता येत नाही आणि लाखो माशांत बिल्ला लावलेला मासा परत हाती येणे अवघड. दक्षिणी निळपंखी ट्यूनावर ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांनी वेगळाच मार्ग काढला, आणि त्याचे निष्कर्ष २०१६ साली आले. प्रत्येक पिल्लाच्या अंगात आईची आणि बापाची जनुकीय खूण असते. म्हणजे पकडलेले प्रत्येक पिल्लू दोन प्रौढांवर ‘खूण’ करते आणि त्यांतला एखादा प्रौढ जाळ्यात आला की ती फेरपकड होते. पिल्ले गुणिले प्रौढ गुणिले दोन, भागिले जुळलेल्या जोड्या. सुमारे १४,००० माशांच्या जनुकीय तपासणीत अशा ४५ जोड्या मिळाल्या आणि त्यांवरून प्रौढ माशांची संख्या काढली गेली.

इथेही सारख्या संधीचा प्रश्न पाठ सोडत नाही. मोठी मादी लहान मादीपेक्षा कितीतरी अधिक अंडी घालते, म्हणून तिची खूण अधिक पिल्लांत असते, आणि मोठे मासे जाळ्यात अधिक येत असतील तर धीट-बुजऱ्यांच्या हिशेबातली चूक वेगळ्या वेषात परत येते. त्यासाठी माशाची लांबी, वय आणि अंड्यांची संख्या यांचे नाते वेगळे मोजून हिशेबात घालावे लागते. जाळ्यातून निघालेल्या प्रत्येक माशाची लांबी आणि कानातल्या खड्यावरच्या वलयांवरून काढलेले वय ही नोंद म्हणूनच त्याच्या जनुकीय नमुन्याइतकीच महत्त्वाची ठरते.